कोल्डरूमचा उन्हाळा

मार्च उजाडला की हेब्बाळच्या रस्त्याकडेची झाडं गुलाबी होतात. पान एक नाही, नुसती फुलं. लोक भर रस्त्यात गाड्या थांबवून फोटो काढतात, मागचे हॉर्न वाजवतात, पुढचे हलत नाहीत, आणि फ्लायओव्हरपर्यंत खोळंबा होतो. गेली तीन वर्षं ही झाडं फुलली की माझं डोकं फिरतं. झाडांचा त्यात काही दोष नाही. ती बिचारी आपल्या वेळेला फुलतात.

याच दिवसांत टँकरही येतात. सोसायटीचं बोअर आटलेलं असतं आणि सकाळी सहाला गेटवर टँकर भोंगा वाजवतो. त्याची मागची नळी हमखास गळकी. गल्लीभर एक ओली रेघ काढत तो जातो आणि कुत्री त्या रेघेला जीभ लावत त्याच्यामागे चालतात. तळघरातल्या टाकीतून ओल्या सिमेंटचा वास वर येतो. यंदा असाच भोंगा वाजत असताना मी मेल उघडली. आमचा शोधनिबंध परीक्षकांकडून परत आला होता. काम मोलाचं आहे, मांडणी नेटकी आहे वगैरे झाल्यावर शेवटी एका ओळीचा प्रश्न होता: 'नोंद नेमकी याच ठिकाणी का थांबते?'

मी लॅपटॉप बंद केला आणि अर्ध्या बादलीत भांडी घासायला घेतली. इतकी आपटून घासली की खालच्या मजल्यावरून फोन आला.

मी बर्फाचा अभ्यास करते. बंगळुरात. हे वाक्य ऐकून हसला नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. दक्षिण ध्रुवावर बर्फाचा जो अफाट थर आहे, तो पूर्वी कधी किती आटला आणि त्यामुळे समुद्र किती वर आला, हे मी शोधते. समोरच्या फ्लॅटमधला केदार पुण्याहून आलेला, आयटीतला. त्याला एकदा लिफ्टमध्ये हे सांगितलं, तर म्हणाला, "चिल! आपण सेफ आहोत. बँगलोर तीन हजार फुटांवर आहे. अंटार्क्टिका फुल मेल्ट झालं तरी मॅक्स टू मॅक्स आपल्याला जवळ बीच मिळेल." हे बोलताना त्याच्या खांद्यावर पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन होता, कारण त्याच्या नळाला दोन दिवस पाणी नव्हतं. तो कॅन त्याच्याच डोक्यावर उपडा करावा असं मला फार वाटलं. पण पाणी वाया गेलं असतं.

तो बर्फ आणायला मी स्वतः गेले होते. पोकळ ड्रिलने बर्फात खोल जायचं, हातभर लांबीचे गोल दांडे वर काढायचे, क्रमाने नंबर घालायचे, पेट्यांत भरायचे. मग जहाज, मग गोठवलेला कंटेनर, मग आमची प्रयोगशाळा. परतीच्या प्रवासात मी दिवसातून चारदा पेट्यांचं तापमान बघून यायचे आणि अख्खं जहाज मला हसायचं. तान्ह्या बाळाला झोपेत श्वास चालू आहे ना म्हणून बघतात तशी मी बघते, असं तिथला स्वयंपाकी म्हणायचा.

त्या बर्फात बुडबुडे असतात. माणूस शेती करायला लागला त्याच्याही आधी पडलेलं हिम दबत दबत बर्फ झालं, तेव्हा त्यात त्या वेळची हवा कोंडली गेली. उंचावर हवा विरळ असते हे शाळेतलं पोरही सांगेल. म्हणजे बर्फाचा माथा उंच असेल तर बुडबुड्यांत हवा कमी, माथा खचला असेल तर जास्त. बंद भांड्यात एकेक तुकडा वितळवायचा, निघालेली हवा मोजायची, की त्या काळी बर्फ किती उंच होता ते कळतं. वरच्या थरांपासून जुन्याकडे जाता जाता एका जागी हवेचं प्रमाण झपकन बदलायला लागलं. याचा अर्थ तिथे केव्हातरी बर्फाचा माथा खाली आला होता. तो बर्फ जाणार कुठे? समुद्रात. आता प्रश्न एवढाच होता की हे हजार वर्षांत सावकाश झालं, की एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात. त्याचं उत्तर उरलेल्या दोन ट्रेमध्ये होतं.

सगळे मला विचारतात, समुद्र किती चढेल. किती वेगाने, असं फक्त माझ्या मावशीने विचारलं. ती कारवारजवळ खाडीकाठी राहते, एकटी. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तिचा फोन आला. "विहिरीचं पाणी मचूळ लागतंय गं. भरतीच्या दिवसांत तर डाळ शिजत नाही त्यात. मागची भिंत पण ओल धरून बसली आहे. मला एवढंच सांग, घर नीट करून घेऊ की इथनं उठू? किती वर्षं आहेत ते कळलं म्हणजे झालं."

"सहा महिने थांब, मावशी," मी म्हणाले. "सांगते."

इतक्या सहज म्हणाले मी ते. दोन ट्रे तर उरले होते.

त्या उन्हाळ्यात बाहेर अंगाची लाही व्हायची आणि आम्ही कोल्डरूमच्या दाराशी रजईसारखे कोट चढवायचो. आत उणे वीस. पापण्या जड व्हायच्या, पेनातली शाई थिजायची. बाहेर आलं की चष्म्यावर धुकं आणि पाठीवर घाम एकदमच. फाटकासमोर कैरीवाली बसायची. बधिर बोटांत तिखटमीठ लावलेली कैरीची फोड धरून खायची, ती पडली तरी बोटांना कळायचं नाही. आज त्या कैरीचा वास आला तरी मला त्या खोलीची मोटर ऐकू येते. सुखाचे दिवस होते ते, हे म्हणताना माझ्या जिवावर येतं, पण होते.

त्या खोलीला एक बझर होता. तापमान वाढलं किंवा दार मिनिटभर उघडं राहिलं की तो किंचाळायचा. ट्रे आतबाहेर करताना दार उघडं राहणारच, त्यामुळे तो दिवसातून वीस वेळा किंचाळायचा. दर वेळी फाटकावरचा मुनियप्पा दोन जिने चढून वर यायचा. मुनियप्पा आनेकलचा, दोन बस बदलून ड्यूटीला येणारा, साठीला टेकलेला. कठडा धरून धापा टाकत उभा राहायचा आणि विचारायचा, "एनाय्तु, मेडम?" काय झालं? आणि मी म्हणायचे, "एनिल्ला, मुनियप्पा." काही नाही.

आता अण्णांविषयी. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं चार पिढ्यांपूर्वी इकडे आलं आणि अण्णांनी इथल्या शिवाजीनगरात चाळीस वर्षं फ्रिजदुरुस्तीचं दुकान चालवलं. उन्हाळा हा आमच्या घरात सीझन. लोक रिक्षात आडवे घालून फ्रिज आणायचे. दुकानात गॅसचा, डाक दिलेल्या धातूचा आणि नासलेल्या दुधाचा वास एकत्र असायचा. अण्णा फ्रिज उघडायच्या आधी त्याच्या पाठीवर हात ठेवून डोळे मिटायचे आणि नुसतं ऐकायचे. कोणी ना कोणी हमखास विचारायचं, "अण्णा, फ्रिज चालू झाला की आइसक्रीम परत घट्ट होईल ना?" अण्णा म्हणायचे, "घट्ट होईल. आइसक्रीम नाही होणार."

मार्चमध्ये एकदा ते माझा विसरलेला डबा द्यायला प्रयोगशाळेत आले. कॉरिडॉरमध्ये चालता चालता थबकले. "स्वल्प थांब," म्हणाले. कोल्डरूमच्या भिंतीला त्यांनी हात लावला. "उठताना अडखळतंय तुमचं कॉम्प्रेसर. रिले जातोय. एकदा लाइट जाऊन आली की उठायचं नाही ते. दहा मिनिटांचं काम आहे, आत्ता बदलून देतो, सरी होईल, ठीक चालेल."

रिले त्यांच्या पिशवीत होता. आगपेटीएवढी वस्तू. पण बाहेरच्या माणसाने उपकरणाला हात लावायचा नाही असा नियम, आणि मी नियमाने वागणारी बाई. मी अर्ज केला. तीन कोटेशनं मागवली गेली. मग फाइल शेरा मारून परत आली: यंत्र चालू स्थितीत आहे, तेव्हा हे काम दुरुस्तीत दाखवता येणार नाही, बंद पडल्यावर अर्ज करावा. मी तो शेरा तीनदा वाचला. दुसरा अर्ज केला, त्याला उत्तर आलं नाही. अण्णांना सांगितलं तर ते हसले. "बंद पडल्यावर आमच्याकडे सगळेच येतात की." मला हसू आलं नाही, आजही येत नाही. ज्याने तो शेरा मारला तो माणूस रोज सकाळी मला जिन्यात भेटतो आणि नमस्कार करतो, आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते.

रामनवमीला जोडून शनिवार-रविवार आले होते. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मी ते दोन ट्रे जाड पेट्यांतून काढून उघड्या फळीवर नंबरवार मांडून ठेवले. सोमवारी सकाळी आल्या आल्या कापायला घेता यावेत म्हणून. आमच्या कामात असंच करतात. आदल्या दिवशी मांडलं की सकाळचा तास वाचतो.

रामनवमीला अण्णांच्या गल्लीत मांडव असतो. सुंठ-वेलचीचं पानक, मज्जिगे म्हणजे ताक, काकडी आणि मूगडाळीची कोसंबरी. येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून पाजतात. त्या वर्षी कोणीतरी पानकाच्या पिंपात कारखान्यातला बर्फ टाकला होता, तर अण्णा त्याच्या अंगावर ओरडले, "मडकं आहे ना, बर्फ कशाला?" मी तो बर्फ चुकवत तीन पेले प्यायले. वर कोसंबरीचा द्रोण. खूप दिवसांनी निवांत बसले होते. त्याच दुपारी तिकडे हेब्बाळला प्रयोगशाळेत लाइट गेली आणि तासाभराने आली.

सोमवारी कॉरिडॉरची फरशी ओली होती. दाराखालून पाणी येत होतं. दार उघडलं तर नेहमीसारखी वाफ अंगावर आली नाही. आत उबट, ओलसर हवा होती आणि एक आवाज होता. फोडणीत मोहरी तडतडते तसा, पण अगदी बारीक. ट्रेमधल्या पाण्यात बर्फाचे उरलेसुरले गोळे तरंगत होते आणि त्यांतला एकेक बुडबुडा फुटत होता. हजारो वर्षं कोंडलेली हवा बंगळुरात सुटत होती आणि फ्लायओव्हरच्या धुरात मिसळत होती. मी वेड्यासारखे दोन्ही तळवे ट्रेवर पालथे धरले. काय थोपवणार होते मी हातांनी? पण धरले, आणि आवाज थांबेपर्यंत तशीच उभी राहिले.

प्रशासन अधिकारी आले. दारातूनच डोकावले, पाण्यात बूट भिजू नयेत म्हणून. "ओहो," म्हणाले. मग ट्रेकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. "मॅडम, पानी तो पूरा है ना? फिर से फ्रीज़ कर लीजिए."

मी त्यांना मारलं नाही. ही माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी सभ्यता आहे आणि मला तिची लाज वाटते.

अण्णांना बोलावलं. यंत्र आता रीतसर बंद पडलेलं असल्याने त्यांना हात लावायची परवानगी मिळाली, तीही फाटकावर तासभर पाससाठी ताटकळल्यावर. त्यांनी झाकण उघडलं. रिले काळा पडला होता. "लाइट आली, पण कॉम्प्रेसर उठलंच नाही," ते म्हणाले. "आणि साचलेलं हिम झाडायला आत हीटर असतो, तो मात्र चालू राहिला. तीन दिवस." त्यांनी हात पुसले, ट्रेकडे पाहिलं आणि स्टुलावर बसले. चाळीस वर्षं लोकांचे मेलेले फ्रिज पाहिलेला माणूस. "परत घट्ट होईल," एवढं म्हणाले, आणि पुढचं बोललेच नाहीत.

मी तरातरा खाली गेले. कोणावर तरी ओरडायचं होतं, मुनियप्पावर ओरडायचं ठरवलं.

"बझर वाजला नाही?"

"वाजला, मेडम. रामनवमीला दुपारी वाजला. मी वर गेलो होतो. दाराला कान लावला. आत घर्रघर्र नव्हती."

"मग फोन का नाही केला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, गोंधळून. "नीवे हेळिद्रल्ला, मेडम. बरबेडी अंत." तुम्हीच तर सांगितलंत ना, येऊ नका म्हणून.

सांगितलं होतं. महिन्याभरापूर्वी, हातात ट्रे, घड्याळाकडे लक्ष, आणि हा पुन्हा धापा टाकत दारात. मी म्हटलं होतं, "मुनियप्पा, हे असंच वाजत असतं, उगाच येत जाऊ नका." वर मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली होती, की म्हाताऱ्याच्या गुडघ्यांची आपल्याला किती काळजी. त्याने माझा निरोप मनावर घेतला. दुसऱ्या पाळीच्या माणसालाही नीट समजावून ठेवला. तीन दिवस तो बझर किंचाळत होता आणि माझ्या सांगण्याबरहुकूम कोणी वर आलं नाही. तरीही, सुट्टीचा दिवस म्हणून, एकदा मुनियप्पा आपणहून चढून गेला होता, हे मला विसरता येत नाही. बंद दाराला कान लावून तो माझं वाक्य आठवत उभा राहिला असेल.

चौकशी समिती बसली. मी तिथे सगळं सांगितलं: अण्णांनी ऐकलं होतं, मुनियप्पाने ऐकलं होतं, फाइलवर लिहिलेलं आहे. चहा आला, बिस्किटं आली. अहवालात एक ओळ आली: 'वीजपुरवठ्यातील तांत्रिक बिघाडामुळे नमुन्यांची हानी.' आमचे विभागप्रमुख मुंबईचे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "नशीब समज. डीटेल्समध्ये गेलो तर तुझंच नाव येईल, आणि त्या वॉचमनची नोकरी जाईल ती वेगळीच." मी सही केली. मुनियप्पासाठी केली असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. मी माझ्यासाठी केली. सगळ्यांवर रागावून झालं की शेवटी त्या सहीवर येऊन माझा राग थांबतो, आणि तिथून हलत नाही.

सहा महिने झाल्यावर मावशीला फोन केला. "मला माहीत नाही, मावशी," म्हणाले. ती टोचून बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "असू दे गं. जेवलीस का?"

आणि आता हा परीक्षकांचा प्रश्न. नोंद नेमकी याच ठिकाणी का थांबते. आलेखात ती रेघ वळण घेते, वर चढू लागते आणि तुटते. पुढे कोरा कागद. विभागप्रमुखांना मेल दाखवली. ते म्हणाले, "इमोशनल होऊ नकोस. 'तांत्रिक कारणास्तव पुढील नमुने उपलब्ध नाहीत.' पाठवून दे, संपलं." पुन्हा तेच दोन शब्द. तांत्रिक कारण. या शब्दांखाली या देशात काय काय गाडलेलं असेल, देव जाणे. दोन दिवस मी तो मसुदा तसाच ठेवला.

काल मावशीचा फोन आला. आवाजात उत्साह होता. घर तिने नीट करून घेतलं. "जोतं उंच केलं. गवंड्याला सांगून तीन पायऱ्या वाढवल्या," म्हणाली. मग विचारलं, "पुरतील ना गं तीन?"

मी काहीतरी बोलले. काय बोलले ते मला आठवत नाही.

फोन ठेवला आणि परीक्षकांना उत्तर लिहिलं. रिलेचं लिहिलं, शेऱ्याचं लिहिलं. मग लिहिलं: 'शीतगृहाचा इशारा तीन दिवस वाजत होता. तो ऐकणाऱ्या माणसाला वर येऊ नका असं मी सांगून ठेवलं होतं. त्याने माझं ऐकलं. चूक माझी आहे.' विभागप्रमुखांना न विचारता पाठवून दिलं. मग त्यांना त्याची प्रत पाठवली. त्यांचे चार फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. निबंध राहील की जाईल माहीत नाही. गेला तर जाऊ दे. ती तुटकी रेघ खोट्या ओळीवर टेकून उभी नको.

आज सकाळी कोल्डरूममध्ये गेले. आता तिथे अण्णांनी बसवलेला रिले आहे. ट्रे काढताना दार उघडं राहिलं आणि बझर किंचाळला. लगेच जिन्यात पावलं वाजली. त्या वर्षापासून मुनियप्पा प्रत्येक आवाजाला वर येतो. कोणाचा फोन वाजला तरी येतो, कॅन्टीनचा मायक्रोवेव्ह वाजला तरी येतो. सगळे त्याला हसतात. या तीन वर्षांत मीही त्याला कधी थांबवलं नाही आणि कधी काही बोललेही नाही.

तो कठडा धरून उभा राहिला. "एनाय्तु, मेडम?"

एनिल्ला, अगदी जिभेवर होतं. मी ते गिळलं. स्टूल पुढे ओढलं. "बसा, मुनियप्पा. दार माझ्याकडून उघडं राहिलं."

तो बसला नाही. आधी दाराजवळच्या आकड्याकडे गेला, चष्मा वर करून तो नीट वाचला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "उणे वीस. सरी आहे." मग एकेक पायरी उतरू लागला. अर्ध्या जिन्यात थांबला.

"परत वाजला तर?"

"परत या," मी म्हणाले. "दर वेळी या."